भाऊजींचं पोवळं

चांदा जिल्ह्याला समुद्र नाही, ही एक गोष्ट सोडली तर आमच्या भाऊजींची या जगाबद्दल कसलीही तक्रार नव्हती. चांद्याचा उन्हाळा म्हणजे माणसाची परीक्षा. पण उन्हाविषयी त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही. भाजीत मीठ पडायचं राहिलं तर तशीच जेवून उठत. जंगल खात्याच्या नकाशाघरात त्यांच्या मागून लागलेले लोक साहेब होऊन गेले आणि हे त्याच डुगडुगत्या स्टुलावर, खिडकीकडे पाठ करून बसलेले. त्याचंही त्यांना सोयरसुतक नव्हतं. मात्र समुद्राचा विषय निघाला की हा गरीब गाय माणूस एकदम शिंगं उगारायचा. "देवानं आपल्याले साग देला, बांबू देला, वाघ बी देले," ते म्हणायचे, "मंग एक थोडकासा समुद्र द्याले काय झालं होतं त्याले?" आणि गंमत म्हणजे स्वतः भाऊजींनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. घराजवळची इरई आणि फार तर वैनगंगा, एवढंच पाणी त्यांच्या ओळखीचं.

पण समुद्राचे फोटो त्यांनी पाहिले होते, आणि तेही विमानातून काढलेले. लढाईच्या दिवसांत ते फौजेत भरती झाले होते. बंदूक काही हाती आली नाही. बंगालकडच्या कुठल्याशा छावणीत, समुद्रापासून चांगलं लांब, विमानातून काढलेले फोटो येऊन पडत आणि तिथं यांना बसवलं होतं. एकाच जागेचे दोन फोटो शेजारीशेजारी मांडायचे, वर दोन भिंगांची चौकट उभी करायची आणि डोळे लावायचे. मग म्हणे कागदावरचा डोंगर उठून उभा राहतो आणि दरी खोल जाते. त्यात शत्रूची जहाजं नि तोफा हेरायच्या, हे त्यांचं काम. अंदमानची बेटं तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होती, तिकडचे फोटो यांच्या वाट्याला आले. तर एका बेटाच्या भोवती, उथळ पाण्याखाली, काळसर, ठिपक्याठिपक्यांचा घेर पसरलेला यांना दिसला. त्यांना वाटलं खडक असेल. त्यांच्यावरचा म्हातारा गोरा साहेब लढाईआधी समुद्रातल्या जीवांचा मास्तर होता. त्यानं सांगितलं, हा खडक नाही, हे पोवळं आहे. लाखो बारीक जीव एकमेकांना धरून राहतात, त्यांचं हे गाव. जिवंत असलं की रंग असतो. दुखणं लागलं की पांढरं पडतं. झालं! त्या दिवसापासून भाऊजींचं जहाजांवरून लक्ष उडालं. एकदा वरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, जहाजं किती? भाऊजी उभे राहून म्हणाले, "जहाजं दोन साहेब, पण उत्तरेकडून पोवळं पांढरं पडून राह्यलं." पुढच्या खेपेच्या फोटोंत तो सगळा घेर पांढराफटक दिसला. आणि मग लढाई संपली, छावणी मोडली. म्हाताऱ्या साहेबानं जाताना आधीचे आणि नंतरचे असे फोटो आणि ती भिंगांची चौकट यांच्या हातावर ठेवली. एवढी कमाई घेऊन भाऊजी चांद्याला आले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. मी तेव्हा चांद्याच्या सरकारी हायस्कुलात नवा मास्तर म्हणून लागलो होतो आणि बाईच्याच घरी राहत होतो, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं. भिंगांच्या त्या चौकटीला कचेरीत स्टिरिओस्कोप म्हणत; चार पायांवर उभी राहते म्हणून बाई तिला भिंगाची घोडी म्हणायची. जेवण झालं की भाऊजी ओट्यावर घोडी मांडत, खाली पांढऱ्या पोवळ्याचे फोटो ठेवत आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. "हे पाह्य, आधी कसं होतं, अन् मंग कसं झालं. आता तिसरा फोटो पाहिजे. तो आल्याबिगर हे मेलं का वाचलं, कसं समजन?" त्यांचा सिद्धांत असा होता की वैद्य जशी रोज नाडी पाहतो तशी सरकारनं दरसाल पोवळ्याची पाहणी केली पाहिजे, त्याच महिन्यात, ओहोटीच्या त्याच वेळी, तेवढ्याच उंचीवरून विमान न्यायचं आणि फोटो मांडून ताडून पाहायचे. दूधवाला सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे जी तुमचं. पन इथी चांद्यात कोन आजारी आहे, ते सांगा ना."

या वरून पाहण्याच्या नादानं त्यांची नजरच उलटी झाली होती. जमिनीवरून त्यांना काही ओळखूच यायचं नाही. चांद्याच्या प्रत्येक घराचं छप्पर त्यांना पाठ. कौलं कुणाची, पत्रा कुणाचा, कुणाच्या परसात विहीर. पण दार पाहून घर ओळखा म्हटलं की संपलं. कितीदा तरी कचेरीतून येताना ते सरळ शेजारच्या घरात शिरले आणि खुंटीला टोपी अडकवून "पाणी आण वो" म्हणाले. शेजारीण बिचारी पाणी आणून द्यायची. माणसंही ते टाळूवरून ओळखत. कुणी विचारलं, अमुक वकील भेटले का, तर म्हणत, "ते जे मागून थोडे उघडे पडले अन् मधात एक बेट राह्यलं, तेच ना?" माझ्यासाठी मुलगी पाहायला वरोऱ्याला गेलो तेव्हा तर कहर झाला. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन खाली मान घालून आली. सगळे तिचा चेहरा दिसेल म्हणून वाकून बघताहेत आणि हे गृहस्थ उठून उभे राहिले, पायाच्या बोटांवर चढले आणि वरून तिचा भांग पाहून माझ्या कानात म्हणाले, "बाबू, हाव म्हण. वाट सरळ आहे." मी हो म्हणालो. चूक झाली नाही, हे आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही.

पोवळ्याच्या बाबतीत मात्र त्यांना विनोद चालत नसे. आपल्याकडे मंगळ कडक असला की ज्योतिषी पोवळ्याची अंगठी घालायला सांगतात. एका लग्नात अशाच एका जोशीबुवांशी त्यांची जुंपली. बुवांच्या बोटात चांगलं ठसठशीत लाल पोवळं. भाऊजी म्हणाले, "हे मढं कायले घालून फिरून राह्यले जी बोटात?" बुवा चमकले. "ज्याले सोताचा जीव वाचवता नाई आला, ते तुमचा मंगळ कसा सांभाळीन?" मंडपात हशा पिकला, बुवा अक्षता टाकून तडक निघाले आणि वधूपित्यानं भाऊजींना हात जोडले. बाईच्या गळ्यात माहेरची एक पोवळ्याची माळ होती. ती तिनं लग्नानंतर काही दिवसांतच पेटीच्या तळाशी घातली. "मी माळ घातली की यायचा चेहरा सुतक आल्यावानी होते," ती म्हणायची. बाई रागीट होती, पण या एका बाबतीत ती त्यांना कधी टाकून बोलली नाही.

अशात एका हिवाळ्यात सरकारनं आमच्या जंगलाचे विमानातून फोटो काढायला घेतले. उत्तरेकडून एक सर्वे साहेब आले. फोटोंची चळत नकाशाघरात आली. ती वाचता येणारा माणूस जिल्ह्यात एकच, आणि तो खिडकीकडे पाठ करून बसलेला. साहेबानं त्यांना दोन-चार फोटो दाखवून पाहिले. भाऊजींनी नाले, टेकड्या, बैलगाडीच्या वाटा, सागाचं वय, सगळं घडाघडा सांगितलं. साहेब खूश झाला. बोलता बोलता म्हणाला, पुढच्या हिवाळ्यात आमचं विमान अंदमानाकडे जाणार आहे, किनाऱ्यांचे फोटो काढायला. उथळ पाणी वाचू शकणारा माणूस मला हवाच आहे. या जंगलाचं काम नीट करून दाखवा, तुम्हाला विमानात बसवून नेतो.

त्या दिवशी भाऊजी घरी आले ते पहिल्यांदाच बरोबर आपल्या दारातून आत आले. बाईला त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. पण बाईच्या कानावर फक्त अंदमान हा शब्द पडला. तिच्या लेखी अंदमान म्हणजे काळं पाणी. काळ्या पाण्यावर माणूस जातो तो खून करून. "अवो, काय करून आले तुमी?" ती रडायलाच लागली. शेजारीण धावत आली. "कोनाचा मुडदा पाडला जी भाऊनं?" संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की नकाशाघरातल्या शांत भाऊंना जन्मठेप झाली. लोक भेटायला येऊ लागले. एकजण तर ओळखीच्या वकिलाला घेऊन आला. भाऊजी आपले हसत होते, आलेल्याला घोडीपाशी बसवत होते आणि सांगत होते, "तिसरा फोटो मी सोता काढून आणतो. मंग पाहा." बाईचा धीर परत यायला आठ दिवस लागले, पण एकदा तो आल्यावर तिनं त्यांच्यासाठी अस्तराची जाड बंडी शिवायला घातली, कारण वर हवेत थंडी असणार. बंडी अंगावर चढवून भाऊजी अंगणात उभे राहिले. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

साहेबानं काम सांगितलं होतं ते असं: फोटोंत जिथं जिथं जंगल मेलेलं, वाळलेलं दिसेल तिथं तांबड्या पेन्सिलीनं फुली मारायची. त्या फुल्यांवरून खातं वाळलेलं लाकूड ठेकेदाराला तोडायला देणार होतं. भाऊजी फोटोंवर वाकले. एटापल्लीच्या पलीकडच्या एका फोटोत, करड्या जंगलाच्या मधोमध, त्यांना पांढरेफटक गोल दिसले. एकाला लागून एक. फाल्गुनातला फोटो, पानगळ सगळीकडेच होती, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण उघड्या सागाखाली पाचोळा असतो, तो फोटोत असा पांढरा दिसत नाही. पांढरं त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं आणि त्याचा एकच अर्थ ते शिकले होते. त्यांनी मोठ्ठी तांबडी फुली मारली. साहेबानं त्यांची पाठ थोपटली आणि म्हणाला, हे आमच्याकडच्या कुणालाही दिसलं नसतं. त्यानं वरिष्ठांना तसं कळवूनही टाकलं. आता फक्त जागेवर जाऊन एकदा खात्री करून यायची होती.

शाळेच्या परीक्षा आटोपल्या होत्या, म्हणून मीही निघालो. चैत्र होता. खात्याच्या ट्रकमधून आलापल्लीपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं आम्ही एटापल्लीला पोचलो. साहेब जीपनं आधीच आला होता, पण उन्हानं हैराण होऊन रेस्ट हाऊसमध्ये पंखा ओढवून घेत पडला होता. तो म्हणाला, तुम्ही पाहून या. दुसऱ्या दिवशी पहाटेच भाऊजी, मी आणि तिथला नाकेदार, म्हणजे जंगलचा शिपाई, असे चालत निघालो. भाऊजींनी हातात फोटो धरला होता आणि त्यातून मान वर न करता ते आम्हाला वाट दाखवत होते. "आता नाला लागन." नाला लागे. "आता डावीकडं टेकाड." टेकाड येई. नाकेदार थक्क होऊन माझ्याकडे पाही. सारा जन्म जंगलात काढलेला तो माणूस, पण असा वाटाड्या त्यानंही पाहिला नव्हता. शेवटी फोटोवर बोट टेकवून भाऊजी थांबले आणि जड आवाजात म्हणाले, "हे पाहा. इथून मेलेलं जंगल सुरू होते."

आणि समोरून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. ती मोहाची झाडं होती, जुनी, प्रचंड. प्रत्येक झाडाखाली टोपल्या घेऊन बायका, म्हातारे वाकलेले, आणि प्रत्येक झाडाखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ झाडलेली. पाचोळ्याचं एक पान नाही. त्या झाडलेल्या जमिनीवर पिवळसर, रसरशीत मोहाची फुलं पडली होती आणि पडतच होती, टपटप. एक म्हातारी भाऊजींकडे बोट दाखवून गोंडीत काही बोलली तशी सगळी खिदळली. मी नाकेदाराला विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, "म्हनते, हा पाव्हना कागद वाचून राह्यला अन् फुलं तुडवून राह्यला." भाऊजी दचकून मागं सरले. त्यांच्या टाळूवर एक फूल पडलं. तेव्हा त्यांनी मान वर केली. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं झाड खालून पाहिलं असेल.

नाकेदारानं सांगितलं ते तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोहाचं फूल गळायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या झाडाखालची जागा झाडून-जाळून साफ करून ठेवतं, नाहीतर फूल पाचोळ्यात हरवतं. विमान वरून गेलं तेव्हा झाडावर पान नव्हतं आणि खाली नुसती झाडलेली, लख्ख जमीन होती. तेच ते पांढरे गोल. भाऊजी झाडाच्या बुडाशी बसले. मला वाटलं, चूक कळली म्हणून खचले. जवळ गेलो तर त्यांचे डोळे भरून आलेले आणि चेहऱ्यावर हसू. "बाबू," ते म्हणाले, "हे पांढरं होतं, अन् हे तं जितं आहे! वरून मी म्हटलं मेलं, अन् इथी तं फूल ये म्हणून जागा झाडून ठेवली होती ह्यायनं. मंग ते पोवळं बी..."  त्यांनी एक फूल उचलून तोंडात टाकलं. म्हातारीनं पाहिलं आणि ओंजळभर आणखी दिली. ज्या पोवळ्याचं सुतक त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं, ते कदाचित मेलेलंच नसेल, असं त्यांना त्या मोहाखाली पहिल्यांदा वाटलं. 

मग त्यांना फुली आठवली. त्यांनी नाकेदाराला विचारलं, या फुलीचं काय होईल? नाकेदार म्हणाला, "मोहाले हात लावत नाई जी कोनी. पन मेलेलं म्हनून कागदावर चढलं तर कोन पाह्याले येते? पावसाआधी कुऱ्हाड पडन." मोहा गेला तर त्या गावानं खायचं काय, हे विचारायची गरज नव्हती; टोपल्या समोर होत्या. पण नाकेदार मोठा व्यवहारी गडी होता. अंदमानाची हकिगत त्यानं वाटेत ऐकली होती. तो भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, साहेबाले कायले सांगता? तुमी आपलं हाव म्हना अन् विमानात बसा. ठेकेदाराले मी दुसऱ्या पट्ट्यात नेतो. मी आहे ना!" भाऊजींनी बिडी पेटवली. ती जळून बोटाला आली.  हा त्यांचाच प्रश्न होता. शेवटी ते उठले आणि धोतराची धूळ झटकत म्हणाले, "तुही बदली झाली तर? कागदावर मेलं लिहिलं ना बावा, का ते मेलंच. ते मीच पुसलं पाह्यजे."

रेस्ट हाऊसवर भाऊजींनी साहेबासमोर उभं राहून आपल्या हिंदीत सांगितलं, "साहब, मेरी गलती हुई. वो झाड मरेले नहीं हैं. नीचे झाडू मारेला था." साहेबाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला, कारण ती फुली त्यानं वरपर्यंत मिरवली होती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पंख्याची दोरी ओढणाऱ्याला थांबवून त्यानं शांतपणे विचारलं, "जो आदमी बुहारी हुई ज़मीन और मरे हुए जंगल में फ़र्क़ नहीं कर सकता, वह पानी के नीचे क्या देखेगा?" भाऊजी म्हणाले, "बराबर है साहब." बस्स, एवढंच. ज्या माणसानं खरं सांगून आपली चूक सुधारली त्यालाच न्यायला हवं होतं, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. फुली पुसली गेली, मोहा वाचला, आणि भाऊजींची विमानातली जागाही त्याच रबरानं पुसली गेली. परतीच्या बैलगाडीत मी त्या साहेबाला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या मास्तरच्या तोंडी शोभण्यासारख्या नव्हत्या. भाऊजी मात्र बोलत होते ते फक्त पोवळ्याबद्दल. "रंग टाकला असन त्यानं. पान टाकते ना झाड, तसा. आता परत आला बी असन. कोनी पाह्यलं पाह्यजे बाबू, कोनी तरी पाह्यलं पाह्यजे."

चांद्यात मग लोकांनी विचारून विचारून जीव खाल्ला. काऊन जी, नाई गेले काळ्या पाण्यावर? सुटले का? भाऊजी म्हणत, हाव, सुटलो. बाईनं बंडी घडी करून ठेवली. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी विमानाचा आवाज आला तेव्हा ते चहा पीत होते. कप हातात घेऊनच ते अंगणात धावले आणि आवाज पार विरेपर्यंत वर पाहत राहिले. ते अंदमानाकडचंच विमान होतं असं नाही. विमानं कुठंही जातात. बाई दारात येऊन म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला वो." तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

त्यानंतर राज्यांची फेररचना झाली आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. गावात त्यावर कडाक्याचे वाद झाले. नागपूरची राजधानी गेली म्हणून लोक हळहळले. भाऊजींनी मात्र पेढे आणले. "का बरं?" मी विचारलं. "अरे, आपल्याले समुद्र आला ना!" ते म्हणाले. राज्य बदलल्याचा दुसरा परिणाम असा की माझी बदली एकदम कोकणातल्या एका बंदराच्या गावी झाली. बिऱ्हाड लागल्यावर मी बाईला आणि त्यांना बोलावून घेतलं. दोघं दोन दिवसांचा प्रवास करून आली. वाटेत समुद्र दिसेल म्हणून भाऊजींनी डोळ्याला डोळा लावला नव्हता, असं बाई सांगत होती.

मला वाटलं होतं, समुद्र पाहून ते लहान पोरासारखे नाचतील. सकाळी आम्ही तिघं वाळूवर गेलो. लाटा येत होत्या, जात होत्या. बाई पदर सावरून, "बापा रे, केवढं पानी!" म्हणत मागं-पुढं पळत होती, तिला हसू आवरत नव्हतं. भाऊजी घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. खूप वेळ. मग त्यांनी टाचा उचलल्या, बोटांवर उभे राहिले आणि मान लांब करून समोर पाहिलं. लाट आली, तोल गेला, मी हात धरला.

"बाबू, तुले काय दिसून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"पाणी," मी म्हणालो.

"मले बी पानीच."  "मोहाचं बरं होतं. जाऊन खाली उभं राहता आलं."

  त्या बेटाभोवतीचं पोवळं जगलं की मेलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांच्यानंतर तर ते विचारणारंही कुणी उरलं नाही. त्या सकाळी बाईनं त्यांचा दुसरा हात धरला, म्हणाली, "चला, धोतर भिजलं पुरं," आणि त्यांना मधे घेऊन आम्ही दोघं घराकडे निघालो.